अंगावरचा पत्रा आणि गाडीची ओळख

१९५० आणि १९६०च्या दशकांत इटलीतली शर्यतीची मोटार दोन ठिकाणी घडत असे. नळ्यांचा सांगाडा, इंजिन आणि चाके जुळली, की ती उघडीवाघडी गाडी 'कारोत्सेरिया'त, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात जाई. मोदेनामध्ये सेर्जिओ स्काल्येत्ती यांचे कारागीर वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून, हातोडीने ठोकून, मुख्यतः नजरेच्या अंदाजाने त्याला आकार देत. त्यामुळे बॉडी उतरवून नवी चढवता येई. मात्र एका गाडीचा दरवाजा तिच्याच जोडीच्या दुसऱ्या गाडीला चपखल बसेलच, याची खात्री नसे.

पुढे 'ब्रेडव्हॅन' म्हणून ओळखली गेलेली लांबोडक्या पाठीची फेरारी १९६१ साली स्काल्येत्तींच्याच डौलदार बॉडीत रस्त्यावर आली होती. एन्झो फेरारी यांनी शर्यतीचा संघ चालवणाऱ्या काउंट जोव्हान्नी व्होल्पी यांना २५० जीटीओ ही शर्यतीची नवी गाडी विकायचे नाकारले, तेव्हा व्होल्पींनी ही जुनी गाडी अभियंते जोत्तो बिद्झारिनी यांच्या हवाली केली. त्यांनी इंजिन खाली आणि मागे सरकवले, जुनी बॉडी उतरवली आणि मागून कापल्यासारखी दिसणारी ही नवी बॉडी मोदेनातलेच बॉडी बांधणारे पिएरो द्रोगो यांच्याकडून बांधून घेतली. १९६२च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती जीटीओंच्याही पुढे धावत होती, पण पहिल्या काही तासांतच चाकांकडे ताकद नेणारा दांडा (ड्राइव्हशाफ्ट) तुटल्यामुळे बाहेर पडली. इंग्रजांनी तिला 'ब्रेडव्हॅन', म्हणजे पाववाल्याची गाडी, असे नाव ठेवले. ते तिला शोभतेही. खुद्द फेरारीनेही १९६४ साली काही जुन्या जीटीओंवर नव्या घाटाच्या बॉड्या चढवल्या. त्या काळी याचे कोणालाच वावगे वाटले नाही, कारण गाडी म्हणजे सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, हेच सर्वांनी धरलेले होते.

पोलादी नळीला ॲल्युमिनियम टेकते तिथे ओल शिरली, की पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून आजही हे पत्रे पुन्हा ठोकावे लागतात. फेरारीचा 'क्लासिके' विभाग २००६पासून जुने आराखडे पडताळून गाड्यांना प्रमाणपत्रे देतो आणि गरज पडल्यास इंजिनाचा ठोकळाही नव्याने ओतून देतो. गाड्यांच्या किमती अफाट वाढल्यामुळे एकेका मूळ पत्र्याचाही आता हिशेब ठेवला जातो.

सगळ्याच इटालियन गाड्यांना ही सोय नव्हती. आपल्या कुर्ल्यात बनलेली, फियाट ११००च्या घराण्यातली पद्मिनी घ्या. तिला वेगळा सांगाडा नव्हता, बॉडी हाच तिचा कणा होता. समुद्राच्या दमट हवेने तळाचा पत्रा गंजला, की मिस्त्री ठिगळाचे वेल्डिंग करी. बॉडी उतरवून दुसरी चढवणे हा मार्गच तिला नव्हता.

ब्रेडव्हॅनवर मात्र स्काल्येत्तींच्या घाटाची बॉडी आजही नव्याने बांधून चढवता येईल. गाडी १९६१मध्ये होती तशी दिसेल, क्रमांकही तोच राहील. पण मग द्रोगो यांचा तो कुरूप पत्रा उतरवावा लागेल, आणि आज तिची सगळी ओळख त्या पत्र्यातच आहे.