नेत्याचा स्वभाव डिझाइनमध्ये उतरतो

मित्रहो, डिझाइन रिव्ह्यू, म्हणजे डिझाइन तपासायची टीमची बैठक, सुरू असताना सगळ्यांत आधी कोण बोलतं, याकडे एकदा लक्ष देऊन बघा. बहुतेक टीममध्ये लीडच, म्हणजे टीमचा प्रमुखच, बोलतो. स्क्रीन समोर आली रे आली की ‘हे नाही चालणार’ किंवा ‘वा, मस्त’ असं त्याच्या तोंडून निघून जातं. मग उरलेल्यांची मतं आपोआप त्याच दिशेला झुकतात. ज्याला वेगळं काही सांगायचं होतं, तो वहीत रेघोट्या मारत बसतो. मीटिंग संपते आणि सर्वानुमते ठरलं अशी नोंद होते.

नैतिक नेतृत्व म्हटलं की आपल्याला मोठे प्रसंग आठवतात. कुणी तत्त्वासाठी राजीनामा दिला, कुणी घोटाळा उघडकीला आणला. असे प्रसंग एखाद्याच्या सबंध कारकिर्दीत एकदा येतात किंवा येतही नाहीत. रिव्ह्यू मात्र दर आठवड्याला असतो. मला आज जे सांगायचं आहे ते या रिव्ह्यूच्या खोलीबद्दल आहे. टीमच्या नेत्याचे दुर्गुण त्याच्यापुरते राहत नाहीत. ते आधी त्याच्यापर्यंत येणारी माहिती अडवतात, आणि माहिती अडली की त्या दुर्गुणांची किंमत ती वस्तू वापरणारा माणूस मोजतो.

आपल्या परंपरेने माणसाचे सहा शत्रू सांगितले: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. सहांनाही मी सारखा वेळ देणार नाही, कारण आपल्या कामात सगळ्यांचा उपद्रव सारखा नसतो.

माझ्या मते डिझायनरचा सगळ्यांत जवळचा शत्रू मोह. स्वतःच्या कल्पनेचा मोह. यूजर टेस्टिंगमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांकडून वस्तूची चाचणी घेताना, मी तो पुन्हापुन्हा पाहिला आहे. समोर बसलेली व्यक्ती फॉर्म भरते आहे. पुढे जायचं बटण तिला सापडत नाही. ती वर जाते, खाली येते, मागे जाते, भरलेली माहिती पुसली जाते, ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. शेजारच्या खोलीत हे बघत असलेला लीड म्हणतो, ‘ही काही आपली खरी यूजर नाही.’ नोंदी घेणाऱ्या ज्युनिअरने आधी ‘बटण सापडलं नाही’ असं लिहिलेलं असतं. ते वाक्य ऐकल्यावर तो खोडतो आणि ‘थोडा वेळ लागला’ असं लिहितो. अहवालात त्याचं होतं, ‘बहुतेकांनी काम पूर्ण केलं.’ प्रेझेंटेशनमध्ये उरतो नुसता हिरवा टिकमार्क. या सगळ्या प्रवासात एकही माणूस धडधडीत खोटं बोललेला नाही. आणि तरीही ती बाई ज्या अडचणीत सापडली होती, ती अडचण हजारो लोकांच्या वाट्याला जाणार आहे, हे तिथेच ठरून गेलं. ते ठरवलं लीडच्या एका वाक्याने. म्हणून मी आग्रहाने सांगतो, ज्याची कल्पना आहे त्याने तिची चाचणी घेऊ नये. निदान कच्च्या नोंदी, खाडाखोड न करता, सगळ्यांना वाचता येतील अशा ठेवाव्यात.

मदाबद्दल बोलताना मला न्यूयॉर्कची सिटीकॉर्प इमारत आठवते. 59 मजल्यांची ही इमारत 1977 मध्ये पूर्ण झाली. जागेच्या एका कोपऱ्यावर चर्च होतं, म्हणून तिचे खांब कोपऱ्यांत न घेता प्रत्येक बाजूच्या मध्यावर घेतले होते. स्ट्रक्चरल इंजिनिअर होते विल्यम लमेझुरिए, त्या काळातलं मोठं नाव. 1978 मध्ये एका विद्यार्थ्याच्या चौकशीवरून त्यांनी इमारतीचा हिशेब पुन्हा मांडला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कोपऱ्याच्या दिशेने तिरपा वारा आला तर काही तिरक्या तुळयांवरचा ताण 40 टक्क्यांनी वाढतो. त्यातच मूळ आराखड्यात वेल्डिंगचे असलेले जोड प्रत्यक्षात नट-बोल्टचे केले गेले होते, आणि त्या जोडांना हा वाढीव ताण पेलणारा नव्हता.

आता त्यांच्या जागी उभे राहून बघा. इमारत दिमाखात उभी आहे, सगळीकडे तिचं कौतुक होतं आहे, आणि दोष फक्त तुम्हाला कळलेला आहे. गप्प राहण्याचा विचार आपल्या मनात आला होता, असं त्यांनी स्वतः नंतर सांगितलं. ते गप्प राहिले नाहीत. मालकांकडे गेले, दोष सांगितला, आणि रात्रीच्या वेळी वेल्डर लावून जोडांवर पोलादी पट्ट्या बसवून घेतल्या. नाव जाईल, काम जाईल, कोर्टकचेरी होईल ही भीती असताना एवढं करणं सोपं नाही.

ही गोष्ट इथवर सांगून टाळ्या घेतल्या जातात. मला मात्र पुढचा भागही तेवढाच महत्त्वाचा वाटतो. दुरुस्ती चालू असताना त्या इमारतीत काम करणाऱ्यांना आणि आसपास राहणाऱ्यांना खरा धोका सांगितला गेला नाही. लोकांना पूर्ण हकीकत कळली 1995 मध्ये. मालकांपुढे मान खाली घालणं त्यांना जमलं, लोकांपुढे जमलं नाही. कदाचित त्यात घबराट पसरू नये हा हेतूही असेल. पण ज्यांचा जीव पणाला लागला होता, त्यांच्या वतीने तो निर्णय इतर चारचौघांनी परस्पर घेतला. मद असाच टप्प्याटप्प्याने जातो. माणूस वरिष्ठांपुढे, ग्राहकापुढे चूक कबूल करतो. हाताखालच्यांपुढे आणि अनोळखी लोकांपुढे तेच करायला त्याला जड जातं. कबुली कुणापुढे दिली, हे म्हणूनच बघायला हवं.

लोभ आपल्या क्षेत्रात पैशाच्या रूपात येत नाही, चढत्या आलेखाच्या रूपात येतो. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘फोर्टनाइट’ हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सविरुद्धची तडजोड जाहीर केली. त्यात ग्राहकांना परत करण्यासाठी 24.5 कोटी डॉलर ठरले. कमिशनचं म्हणणं असं होतं की बटणांची मांडणी गोंधळात टाकणारी आणि उलटसुलट होती. स्लीप मोडमध्ये गेलेला गेम पुन्हा सुरू करताना किंवा स्क्रीन लोड होत असताना एक बटण दाबलं गेलं तरी खरेदी होऊन जायची. दहा लाखांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. आणि मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे, कर्मचाऱ्यांनीही वारंवार चिंता व्यक्त केली होती, तिकडे दुर्लक्ष झालं, असं कमिशनने म्हटलं होतं.

म्हणजे माहिती होती. ज्यांनी सांगायला हवं त्यांनी सांगितलंही. ती वर जाऊन विरली. कुठल्याही टीममध्ये हे कसं घडतं ते मी सांगू शकतो. लीडची बढती, बोनस, वरच्या मीटिंगमधली त्याची पत, सगळं एका आकड्याला बांधलेलं असतं. तो आकडा खाली आणणारी प्रत्येक सूचना त्याला ‘नंतर बघू’ या खात्यात टाकाविशी वाटते. त्याला आपण लोभी आहोत असं वाटतही नाही. आपण टीमसाठी झगडतो आहोत असंच वाटतं. यावर उपाय मनोनिग्रहाचा नाही. ज्या फलकावर वाढ दिसते, त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्या वाढीने कुणाला त्रास झाला तो आकडाही दिसला पाहिजे. परत मागितलेले पैसे, चुकून झालेल्या खरेद्या, ‘बंद कसं करू’ म्हणून आलेले फोन. दोन्ही आकडे एकाच माणसाने, एकाच बैठकीत वाचून दाखवावेत.

मत्सर श्रेयाच्या वाटपात दिसतो. कधी उघड मत्सर नसतो, एकट्याने झळकण्याची सवयच लागलेली असते. वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार 1991 मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी यांना मिळाला. डेनिस स्कॉट ब्राऊन त्यांच्या पत्नी होत्या, आणि कित्येक वर्षं त्यांच्या बरोबरीच्या सहकारीही. त्यांचं नाव पुरस्कारात नव्हतं. 2013 मध्ये त्यांना सामील करून घ्यावं म्हणून मोठी सह्यांची मोहीम झाली, तरी ती मागणी मान्य झाली नाही. पुढे 2016 साठीचं अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक दोघांना मिळून दिलं गेलं. जगाला एकच नाव लक्षात ठेवणं सोयीचं वाटतं. नेत्याने ती सोय मोडायची असते. ज्याने काम केलं त्यानेच ते मांडायचं, मोठ्या ग्राहकापुढेसुद्धा, तो अडखळला तरीसुद्धा. लीडने शेजारी बसावं आणि विचारलं तरच बोलावं.

क्रोधाबद्दल थोडंच बोलतो. रागीट माणसाच्या हाताखाली वाईट बातमी मरत नाही, ती उशिरा पोचते. चार दिवस आधी कळलं असतं तर जे दुरुस्त झालं असतं, ते रिलीजच्या आदल्या रात्री कळतं. आणि माफीचं म्हणाल तर जिथे आवाज चढवला, तिथेच आणि त्याच लोकांसमोर माफी मागावी. चारचौघांत अपमान आणि केबिनमध्ये ‘सॉरी’, हा सौदा खोटा आहे.

काम हा शत्रू मी यादीत शेवटी घेतो, कारण त्याच्यावर आत्मपरीक्षणाचं मलम लावायचं नसतं. हाताखालच्या व्यक्तीला अधिकाराच्या जोरावर त्रास देणं हा स्वभावदोष नाही, गैरवर्तन आहे. त्याची जागा तक्रार समितीपुढे आहे. ‘पण तो फार प्रतिभावान आहे’ हे वाक्य तिथे कुणी काढू नये. खरं तर ते कुठेच काढू नये. अशा माणसाची प्रतिभा मोजताना त्याच्यामुळे किती जण सोडून गेले, आणि किती जण राहिले पण बोलेनासे झाले, हेही त्याच वहीत मांडा.

मग या सगळ्यावर मात करायची कशी? निश्चय करून पाहणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण निश्चय डेडलाइनच्या आठवड्यात टिकत नाही. दुर्गुण अचानक हल्ला करत नाहीत. त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात: झोप झालेली नसताना, नुकतंच आपल्या साहेबाने झापलेलं असताना, दुसऱ्या टीमचं कौतुक ऐकून आल्यावर. वेळा माहीत असतील तर त्या वेळी निर्णय घ्यायचा नाही, एवढा नियम करता येतो. आपल्या हाताखाली नसलेली, आपल्यावर जिचं काही अवलंबून नाही, अशी एक व्यक्ती निवडावी आणि तिला आपल्याबद्दल टीमला काय वाटतं ते विचारून सांगण्याची मोकळीक द्यावी.

आणि रिव्ह्यूमध्ये लीडने शेवटी बोलावं. याला नेहमी आक्षेप येतो की अशाने निर्णय लांबतात. लांबत नाहीत. निर्णय लीडचाच राहतो, फक्त तो घेण्याआधी सगळ्यांत नवख्या माणसाचं म्हणणं ऐकून झालेलं असतं. सुरुवातीला टीमला अवघडल्यासारखं होतं. शांतता पसरते, आणि ती शांतता मोडायचा मोह लीडला आवरत नाही. आवरावा. कुणीतरी बोलतंच. निर्णयाच्या नोंदीत ‘हरकत’ असा एक रकाना ठेवावा आणि हरकत घेणाऱ्याचं नाव, त्याची संमती असेल तर, तिथे लिहावं. पुढे ती हरकत खरी ठरली तर लीडने पुढच्याच रिव्ह्यूत तो रकाना उघडून सर्वांसमोर वाचून दाखवावा.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण अजून लीड नाहीत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून थांबतो. तुमची शंका तोंडी सांगितली की ती सांगितलीच नव्हती असं ठरायला वेळ लागत नाही. त्याच दिवशी चार ओळींचा मेल लिहा: काय दिसलं, कुणाला त्रास होईल, काय बदलता येईल. आरोप नको, विशेषणं नकोत. उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलवर पुन्हा विचारा. नवा मेल काढू नका, म्हणजे तारखा एकाखाली एक राहतात आणि ‘हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायला कुणाला जागा उरत नाही.