मानेत ठोके देणारी गाठ

नमस्कार श्रोतेहो. जबड्याखाली, श्वासनळीच्या एका बाजूला दोन बोटं हलकेच ठेवा. ठोके लागले? ती कॅरोटिड धमनी, मेंदूला रक्त नेणारी. दाबू मात्र नका, आणि दोन्ही बाजू एकदम तर नाहीच नाही.

या धमनीला कधीकधी स्यूडोॲन्युरिझम होतो, म्हणजे खोटा फुगवटा. खऱ्या फुगवट्यात धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर ताणले जातात. खोट्यात भिंतीला भोकच पडलेलं असतं. बाहेर आलेलं रक्त आजूबाजूच्या ऊतींनी कसंबसं थोपवून धरलेलं असतं. नाव खोटं, पण फुटण्याची भीती अगदी खरी. भोसकल्याची जखम, अपघातात मानेला बसलेला मार, जंतुसंसर्ग, आधीची शस्त्रक्रिया, कर्करोगासाठी दिलेलं रेडिएशन, अशी कारणं. कधी शिरेत नळी घालताना सुई चुकून शेजारच्या धमनीत शिरते, तेव्हाही असं होतं.

ही गाठ फसवी असते. घशाच्या संसर्गानंतर मान सुजली की गळूच वाटतं, आणि गळू म्हटलं की चीर द्यायचा मोह होतो. तो आवरायचा. ठोके देणाऱ्या गाठीत तपासणीआधी सुईसुद्धा घालू नये. ठोके प्रत्येक वेळी लागतीलच असंही नाही, म्हणून शंका आली की आधी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. त्यात गाठीच्या आत लाल-निळा भोवरा फिरताना दिसतो. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन.

पूर्वी उपाय एकच, धमनी बांधून टाकणे. लंडनचे शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८०५ मध्ये कॅरोटिडच्या ॲन्युरिझमसाठी ती बांधली; तो रुग्ण दगावला. १८०८ मधला दुसरा वाचला. मेंदूची एक वाट बंद करायची म्हणजे जुगारच होता.

आता मान न उघडता, बहुधा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेतात. अस्तर लावलेला जाळीदार स्टेंट भोकासमोर उघडला की रक्त सरळ वाहतं आणि बाहेरची पिशवी गोठून जाते. चेहऱ्याकडे जाणाऱ्या बाह्य कॅरोटिडची फांदी असेल तर कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, भरून ती बंदच करता येते. चेहऱ्याला रक्ताच्या वाटा पुष्कळ. मेंदूकडे जाणारी आंतर कॅरोटिड बंद करायची वेळ आलीच, तर आधी आत छोटा फुगा फुगवून ती तात्पुरती अडवतात. रुग्ण शक्यतो जागाच असतो. त्याला बोलायला लावतात, हात उचलायला सांगतात. जीभ अडखळली किंवा हात पडला, की फुगा लगेच सोडायचा.

जंतुसंसर्ग असेल तिथे मला स्टेंटचा फार भरवसा वाटत नाही. बाहेरची वस्तू, तिलाच जंतू चिकटू शकतात. पण रक्त धो धो वाहत असेल तर तोच जीव वाचवतो, पक्की शस्त्रक्रिया मागाहून.

स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून सहसा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या काही महिने चालतात, पुढे बहुधा एक. दात काढायचा असला तरी त्या परस्पर थांबवायच्या नाहीत; स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांना आधी फोन करायचा.