मासिकाच्या पानावर नकाशा कसा उतरवायचा?

नमस्कार! भटकंती विशेषांकाचं डिझाइन हाती आलं की सगळ्यात आधी काय सुचतं? पिवळट जुना कागद, कोपऱ्यात होकायंत्र आणि लाल तुटक रेघ. हे तिन्ही आज बाजूला ठेवू. नकाशाची शिस्त पानावर आली तर सजावटीची फारशी गरजच उरत नाही.

समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, एखादा नकाशा बघा. बहुतेक नकाशांत दर पाचवी रेषा जाड असते आणि उंचीचा आकडा सहसा तिच्यावरच असतो. डोळा आधी तिच्यावर जातो, मग बारकाव्यात शिरतो. म्हणून पानावरही अक्षरांच्या दोनच जाडी ठेवा. जे आधी दिसायला हवं तेवढंच जाड.

आता नावं. इथे मी जरा रेंगाळणार आहे. १९६२ मध्ये स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी नकाशावर नावं कशी मांडायची, याचे नियम लिहिले. त्यातला एक म्हणजे, ठिपक्याचं नाव शक्यतो त्याच्या उजवीकडे, किंचित वर. हे नाव नेमकं कुणाचं, अशी शंकाच येता कामा नये. फोटोओळींनाही हेच लावा. ओळ फोटोला चिकटूनच हवी.

रोमन लिपीतल्या नकाशांत नद्यांची नावं तिरकी असतात आणि मोठ्या प्रदेशांची नावं अक्षरं विरळ करून पसरवतात. देवनागरीत हे करू नका, कळकळीने सांगतोय! अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. तिरकी देवनागरीही बऱ्याचदा सॉफ्टवेअरने नुसती कलवलेली असते. त्यापेक्षा रंगाला काम द्या. पाण्याचं सगळं निळं, प्रदेशाचं नाव मोठं पण फिकं.

ग्रिड, म्हणजे पानाची मांडणी ज्यांवर बसवतो त्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी, आपण एरवी लपवतो. एखाद्या स्प्रेडवर (समोरासमोरच्या दोन पानांवर) ती केसासारख्या बारीक रेघांनी दिसू द्या, कडेला अक्षरं-आकडे द्या आणि मजकुरात 'ख-३ पाहा' असं लिहा. वाचक बोटाने शोधत जातो. मला ही युक्ती फार आवडते. मधल्या घडीवरून मात्र रेघ जाऊ द्या, नाव नको.

आणि वाटेची रेघ उजव्या पानाच्या कडेवरून बाहेर पडली, तर पान उलटल्यावर त्याच उंचीवर आत आली पाहिजे. नमुना पान दोन्ही बाजूंनी छापा आणि उजेडासमोर धरा. कडेवर दोन्ही टोकं एकमेकांवर बसली पाहिजेत.