मे महिन्यातली सावली

नमस्कार श्रोतेहो.

यंदाचा उन्हाळा मी नाशिकच्या गोदाघाटावर आणि घरातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत जलरंगचित्रं करत काढला. सकाळी सहाला घाटावर, साडेनऊला परत. एप्रिलमध्ये एवढा वेळ पुरत होता. मे उजाडला आणि जलरंगाने मला जेरीस आणलं.

कोरड्या वाऱ्यात वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, कागदावर पसरायच्या आतच कड धरतो. एकदा धरलेली कड जात नाही. आकाशाची तीन चित्रं अशीच गेली. मग मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर ओल्या फडक्यावर अंथरू लागले आणि क्वार्टर शीटवर, म्हणजे अकरा बाय पंधरा इंचांत, काम आवरतं घेतलं. लहान कागद एका दमात होतो.

माझा विषय होता नारोशंकराचं देऊळ. 1747 सालचं, काळ्या पाषाणाचं. वसईच्या विजयाची आठवण सांगणारी त्याची घंटा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. काळा दगड रंगवायचा म्हणून पहिल्या दिवशी मी काळ्या रंगाची ट्यूब उघडली. चित्र मेलं. दगड कोळशासारखा दिसू लागला.

श्रोतेहो, हा दगड काळा नाहीच. सकाळी तो निळसर असतो. ऊन चढलं की पायऱ्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश कोनाड्यांत शिरतो आणि छज्ज्याखालची सावली तांबूस, उबदार होते. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून मी ती धरायला शिकले. निळं जरा जास्त पडलं की दगड गार होतो, सिएना जास्त पडली की तापतो. काळी ट्यूब त्यानंतर उघडली नाही.

नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची घाटाची जलरंगचित्रं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

बुधवारी बाजार भरतो, तेव्हा मी देऊळ बाजूला ठेवलं. कांद्याच्या राशी, ताडपत्रीखाली बसलेल्या मावशी. एकीने विचारलं, "ताई, माझं तोंड का नाही काढलं?" तिला म्हटलं, "मावशी, तुमच्यावर ऊन पडलंय ना, तेवढंच काढलंय." चित्र पाहून ती म्हणाली, "हो, ऊन मात्र आमचंच आहे." तो कागद मी जपून ठेवला आहे.

स्टुडिओत मात्र हे जमत नव्हतं. घाटावरची छोटी चित्रं समोर ठेवून मोठं चित्र करायला घेतलं, की सगळं नीटनेटकं आणि थंड व्हायचं. शेवटी कूलर बंद केला, खिडकी उघडली आणि तापलेल्या दुपारी काम केलं. दोन चित्रं मनासारखी उतरली.

आता एक राहिलेलं चित्र. नाशिक जवळजवळ नेमकं वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 20-21 मेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते. ते मी पाहिलं. दीपमाळा, विजेचे खांब, माणसं, सगळं सावलीविना उभं. रंगवायला घेतलं, तर दहा मिनिटांत सावली पुन्हा डोकावली.

जुलैच्या उत्तरार्धात सूर्य पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा नाशिकवर ढग असतात आणि गोदेचं पाणी पायऱ्या चढत असतं. त्या कागदावर सध्या फक्त पायऱ्या आहेत. देवळाची जागा कोरी ठेवली आहे, पुढच्या मे महिन्यासाठी.

नमस्कार.