खुंटांतलं रान

(पाटण खोऱ्यातल्या मालकी रानांच्या शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘रान उजाड झालंय, झाडं लावूया’ असं कुणी म्हणालं, तर आधी त्याच्या हातातली कुदळ काढून घ्या. त्या उतारावर १० मीटर लांब, १० मीटर रुंद चौकोन आखा. गवत सारून मोजा. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ यांचे वीतभर फुटवे दिसतील. ती नवी रोपं नव्हेत. खाली जुनं, जाडजूड मूळ असतं; वरचं दरसाल वणव्यात जळतं आणि पुन्हा फुटतं. चौकोनात असे ७-८ खुंट, म्हणजे जिवंत मुळाचे बुंधे निघाले, तर हेक्टरी ७००-८०० झाडं आयतीच आहेत. तिथं खड्डे काढणं म्हणजे पैसे मोजून मुळं तोडणं. सागरेश्वरच्या बोडक्या डोंगरांवर लागवड करावी लागली. इथं बहुतेक ठिकाणी तशी गरज नाही.

गरज आहे ती आग आणि गुरं ३ ते ५ वर्षं बाहेर ठेवायची. आग चढणीला धावते, कारण ज्वाळा वरच्या गवतावर झुकते आणि ते आधीच तापवते. डोंगराची धार ओलांडली की ती मंदावते. म्हणून जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवायला आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, धारेवर हवा, शिवाय पायवाटेच्या कडेनं. रुंदी किमान ३ मीटर. गवत कमरेएवढं असेल तर ६. डिसेंबरात कापा, कापलेलं पट्ट्याच्या मधोमध ओढा, जानेवारीत वारा पडलेला असताना, कडेच्या गवतावर दव असताना जाळा. हाताशी ओल्या डहाळ्या घेतलेली माणसं हवीत. हे काम मार्चवर ढकललं, की पट्ट्यातूनच वणवा सुटतो.

‘जाळलं की गवत जोमानं येतं’ हे मात्र डोक्यातून जात नाही. येतं, पण कुठलं? कुसळी गवताचं बी दमट हवेत पीळ सोडत स्वतःला मातीत रुतवून घेतं, त्यामुळे आगीतून वाचतं. पवना, मारवेल ही चाऱ्याची गवतं मागं पडतात. दरसाल जाळणारा गुरांचा चारा घटवून कुसळं वाढवतो.

जळणासाठी तोड करायचीच, तर पानगळीनंतर, पावसाआधी. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ स्वतःच्या रानातले असले तरी १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. खुंट जमिनीपासून वीतभरच ठेवा, काप तिरका, साल न फाटू देता. सपाट कापात पाणी साचून तो कुजतो. दोन पावसाळ्यांनी फुटव्यांतले २-३ ठेवा, तेही जमिनीलगतचे. खुंटाच्या माथ्यावरचा फुटवा जाड दिसतो खरा, पण खुंट कुजला की वाऱ्यानं उन्मळतो. ठेकेदाराला एकदम सगळं रान देऊ नका. तुकडे पाडा, दरसाल एकच तोडा.

पोकळ झाड ‘वाया गेलं’ म्हणून पाडू नका. धनेश पक्ष्याची ढोली तिथंच असते, आणि उंबर-नांद्रुकाचं बी तोच पेरत फिरतो. उतारावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) रांगा लावल्या जातात त्या गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून. हिरवं दिसतं, पण धनेशाला त्यात फळ नाही.

सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळी पठार, मात्र सोडा. कासच्या पठारासारख्या कातळावर बोटभर माती असते. तिथली फुलं सावलीत टिकत नाहीत. माण-खटावच्या माळाचंही तेच: लांडग्याला उघडं गवत लागतं, तिथं झाडांचा आग्रह नको.