हजेरीतलं नाव

दिवाळी सरली की धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या वस्त्यांवर मुकादमाचा ट्रक येतो. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. गोधड्या, भांडी, कोंबड्या आणि पोरं ट्रकमध्ये चढतात, दक्षिण गुजरातमधल्या उसाच्या फडावर जायला.

दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत वर्ग अर्धा रिकामा असतो. गुरुजी तरी सगळी नावं वाचतात. "पोऱ्याले आजीजोडे ऱ्हाऊ द्या," असं विनवत आठवडाभर ते घरोघर फिरले होते. दोन घरांनी ऐकलं.

पंधरा वर्षं ते इथेच आहेत. का?

पगार हे पहिलं उत्तर, आणि ते प्रामाणिक आहे. पण पगाराआधी शिक्षणसेवकाची ३ वर्षं मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकला ते महिना ६,००० रुपये होतं, २०२३ मध्ये १६,००० झालं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच जादा कामं मान्य आहेत. प्रत्यक्षात मात्र रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरायची असते. तास बुडतो, तेव्हा गुरुजींचा आवाज चढतो. आमच्याशी बोलताना तो तेवढ्या एकाच वेळी चढला.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी १९२४ ते १९३० एवढीच वर्षं शिकवलं. खान्देशात फिरताना मात्र 'गुरुजी' या शब्दाला अजून त्या वर्षांचं वजन जाणवतं.

आता फळ्याकडे पाहा. एका बाजूला 'माले', दुसऱ्या बाजूला 'मला'. पहिलीची मुलं घरी अहिराणी बोलतात. पुस्तकातली भाषा कानावर पडली की गप्प होतात. गुरुजी आधी 'माले' वाचायला लावतात. मायच्या तोंडचा शब्द फळ्यावर पाहून पोर आधी दचकतं, मग हसतं, मग मोठ्यानं वाचतं. तिथून 'मला' हाकेच्या अंतरावर. का राहिलात, असं विचारलं तेव्हा गुरुजींनी याच फळ्याकडे बोट दाखवलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. निंबाला झोके बांधले गेले, ट्रक परतू लागले. शाळेचे थोडेच दिवस उरलेत. दारात एक मुलगा उभा आहे, उन्हानं रापलेला. दिवाळीआधी शिकलेली बरीच अक्षरं तो विसरलाय. गुरुजी हजेरी उघडतात. त्याचं नाव कापलेलं नाही.

"मी उनू, गुर्जी."