दिवे घाट चढण्याआधी: जुन्या गाड्यांच्या क्लबची रविवारची फेरी

मंडळी, जुन्या गाड्यांचा क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रदर्शन येतं. चकचकीत बॉनेट, दोऱ्या बांधलेलं मैदान आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. वर्षातून एकदा तेही करावं. पण या गाड्या उभ्या राहून जितक्या बिघडतात तितक्या चालून बिघडत नाहीत. म्हणून क्लब कसा चाललाय हे पाहायला एकच हिशेब पुरतो: रविवारी सकाळी निघालेल्या गाड्यांपैकी किती गाड्या स्वतःच्या इंजिनावर घरी परतल्या? आजचं बोलणं त्या फेरीबद्दल आणि तिच्यासाठी महिनाभर कराव्या लागणाऱ्या कामांबद्दल आहे.

पुण्यातून फेरीला रस्ते चिक्कार. नव्या सभासदांसाठी मात्र एकच सुचवतो: हडपसर, दिवे घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ आणि सातारा रस्त्यानं परत. साधारण शंभर किलोमीटर. यातला मोठा चढ सकाळीच, इंजिन ताजं आणि हवा थंड असताना येतो, हा याचा मुख्य फायदा. गाडी रुसली तर सासवडला गॅरेज आहेत, मिसळही आहे. वाई-पाचगणीचा पसरणी घाट पुढच्या टप्प्यावर ठेवा. तिथे सुमारे साडेपाचशे मीटर चढायचं असतं, ते रेडिएटर तपासल्याशिवाय नको. आणि आषाढी वारीच्या दिवसांत माउलींची पालखी दिवे घाटातून जाते, तेव्हा त्या बाजूचं नावही काढू नका.

पंधरा गाड्यांची एकच रांग काढायची हौस सगळ्यांना असते. फोटो छान येतो, पण मागचे ट्रकवाले वैतागतात, पहिल्याच सिग्नलला रांग तुटते आणि तुटलेला भाग पकडायला कुणीतरी पद्मिनी (आपली जुनी फिएट) ताशी नव्वदनं हाणतो. पाच-सहा गाड्यांचे गट करा, दोन गटांत दहा मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक गटात सगळ्यांत हळू गाडी पुढून दुसरी. वेग तिचा, बाकीच्यांनी तिच्या मागे राहायचं. आरशात मागची गाडी दिसत नसेल तर पुढच्या वळणावर थांबायचं, एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला की कुणी हरवत नाही. सगळ्यांत शेवटी एक आजची गाडी असावी. तिच्यात मिस्त्री, ओढायचा दोर, पाण्याचे कॅन आणि आग विझवायचा सिलिंडर. आणि मिस्त्री नाश्त्याला आपल्या टेबलावर बसतात, गाडीपाशी उभे राहत नाहीत. क्लबमधलं निम्मं ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि ते कुठे लिहिलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवा. तेल, पाणी, ब्रेक ऑइल सगळेच बघतात. टायर कुणी बघत नाही. जुन्या गाडीचा टायर झिजत नाही, तो कडक होतो. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली, तरी आठ-दहा वर्षांचा टायर घाटात न्यायचा नाही. स्टेपनी तर बहुधा त्याहून म्हातारी असते. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला की साधारण बारा मिलिमीटर दबायला हवा. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) उघडून बघा, काळे पडले असतील तर घासा. ॲम्बेसेडरच्या ल्यूकस डिस्ट्रिब्यूटरला पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर, आणि प्लगला पंचवीस थाऊ. फिएटचे आकडे वेगळे आहेत, ते तिच्या मॅन्युअलमधून घ्या. एका गाडीचे आकडे दुसरीला लावण्याचा उद्योग फार चालतो.

आता घाट. गाडी गरम होते तेव्हा प्रत्येक जण रेडिएटरला दोष देतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर आतल्या नळ्या क्षारानं भरलेल्या असतात, हे खरं. पण ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल तरीही इंजिन तापतं आणि ते कुणी तपासत नाही. शिवाय आपल्याकडे थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकायची जुनी खोड आहे. तो काढला की बऱ्याच इंजिनांत पाणी रेडिएटरमध्ये पुरेसं थांबत नाही, बायपासनं तसंच फिरत राहतं; हिवाळ्यात गाडी गरमच होत नाही आणि तेलात पाणी साठतं. नवा थर्मोस्टॅट आणून घरी गरम पाण्याच्या पातेल्यात टाका, उघडतो की नाही ते थर्मामीटर लावून बघा, मगच बसवा. काटा वर गेला तर थांबा, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं.

त्याहून जास्त गोंधळ होतो तो गाडी चढून वर आल्यावर, पाच मिनिटं थांबून पुन्हा सेल्फ मारल्यावर. सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही. दहापैकी आठ जण कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलायला घेतात. आधी तपासा. प्लगची एक वायर काढा, रबराचं हँडल असलेल्या पकडीनं धरा, टोक इंजिनापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, टणक ठिणगी आली तर इग्निशन ठीक आहे. पिवळी, मरगळलेली आली तर पहिला संशय पॉइंटशी जोडलेल्या कंडेन्सरवर घ्या; तो गरम झाल्यावरच दगा देतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो. ठिणगी चांगली असेल आणि फिल्टरमध्ये पेट्रोलऐवजी बुडबुडे दिसत असतील, तर तो व्हेपर लॉक. जुन्या गाडीत मेकॅनिकल पंप इंजिनाला चिकटलेला असतो आणि टाकीकडून पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या पाइपात दाब कमी, इंजिन थांबल्यावर पंपाची उष्णता वाढते, पेट्रोल तिथेच उकळतं. पंपाला वाफ ओढता येत नाही.

उपाय साधा: बॉनेट उघडं, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. फडकं ओलं करा, पाणी ओतू नका. तापलेल्या बीडावर (ओतीव लोखंडावर) गार पाणी पडलं की तडा जाण्याची भीती असते. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर नेणं आणि कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर घालणं.

उतारावर उलट काळजी. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर, दोन्हीला बहुतेक आयुष्यभर चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की ड्रम तापून फुगतो, लायनर चकाकतो आणि पेडल खाली जातं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. जुन्या ॲम्बेसेडर आणि फिएटच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडावा यासाठीची सोय) नाही, तेव्हा उतारावर ऐन वेळी पहिला टाकायला जाऊ नका, दुसरा आधीच टाकून ठेवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलावंच लागतं. न बदलल्यास उकळतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात.

पेट्रोलबद्दल. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. बीडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट त्या शिशामुळे सांभाळली जात होती. आता जोरात आणि लांब चालणाऱ्या गाड्यांत सीट हळूहळू खोल जाते. याची खूण म्हणजे टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप आपोआप कमी होत जातो. दोन-तीन वेळा सेट करूनही तो कमी होत असेल तर हेड उघडताना कडक सीट बसवून घ्या. दुसरी गोष्ट वीस टक्के इथेनॉलची. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, पंपाचा डायफ्रॅम आणि पाइप आधी जातात. टाकीतला जुना डिंक सुटतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. म्हणून पाइप घेताना त्यावर एसएई जे३० आर९ हे मानक छापलेलं आहे का बघा, टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर घाला आणि पहिल्या दोन टाक्यांनंतर तो बदला.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं पातळ, म्हणजे ‘लीन’ होतं. एसयू बनावटीचं कार्बोरेटर असलेल्यांचं काम सोपं आहे. इंजिन पूर्ण गरम असताना कार्बोरेटरचा पिस्टन बाजूच्या पिननं किंचित, एक मिलिमीटरच्या आत, उचला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त, लगेच गळाठलं तर कमी. क्षणभर वाढून पूर्वपदावर आलं तर बरोबर. खालचा नट षटकोनी असतो. एका वेळी एकच पैलू फिरवा, दोन नाही. खाली नेला की मिश्रणातलं पेट्रोल वाढतं.

पावसाळ्यातले चार महिने पुण्यात जुन्या गाडीला वाईट. पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे तर त्यातलं सगळ्यांत वाईट: एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं, तेल तापत नाही, बॅटरी उतरते. पंधरा दिवसांतून एकदा पाऊस नसताना पंचवीस-तीस मिनिटं चालवा. जमत नसेल तर नीट उभी करा: हँडब्रेक सोडलेला, चाकांना ठोकळे, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरीचा अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) काढलेला. ओलाव्यानं क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, म्हणून पेडल फळीच्या टेकूनं दाबून ठेवा. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम सुटतो. उंदरांसाठी एअर क्लीनरच्या तोंडाला जाळी लावा.

ही माहिती प्रत्येकाच्या डोक्यात राहून उपयोग नाही. क्लबच्या कपाटात प्रत्येक गाडीचं एक कार्ड असावं: चेसिस आणि इंजिन क्रमांक, टायरची साइज, बेल्टचा नंबर, प्लग, कार्बोरेटर, बॅटरी सहा व्होल्टची की बाराची, अर्थ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. शेवटचे दोन रकाने सगळ्यांत महत्त्वाचे. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांचा पॉझिटिव्ह ध्रुव बॉडीला जोडलेला असतो. अशा गाडीला निगेटिव्ह अर्थच्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला, निगेटिव्ह निगेटिव्हला, पण दोन गाड्यांचे बंपर एकमेकांना लागता कामा नयेत. लागले तर केबल जळते, कधी बॅटरी फुटते. खरं तर शेवटच्या गाडीत सुटी बॅटरी ठेवा आणि हा प्रश्नच मिटवा.

कार्डं असली की सुट्या भागांचं गणित जमतं. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जवळजवळ २००० सालापर्यंत बनत होती, ॲम्बेसेडर उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत. नाना पेठेत त्यांचं अजून बरंच मिळतं, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर मूळ दिवे आणि मीटरही. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डवाल्यांची मात्र पंचाईत. हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, आणि तिथे ट्रायम्फच्या गाड्यांचे भाग अजून बनतात. चार जणांनी एकत्र मागवले तर वाहतूक परवडते. हेराल्डवाल्यांना एक सांगतो, पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये (चाक वळतं त्या आट्यांच्या सांध्यात) ग्रीस भरू नका, नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरा. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, आटे झिजतात आणि एक दिवस पार्किंगमध्ये वळताना चाक आडवं होतं. नशीब असेल तर पार्किंगमध्ये.

दारं-काचांची रबरी बीडिंग नव्यानं काढायची तर खर्च डायचा, म्हणजे साच्याचा असतो. दहा-बारा सभासदांनी वर्गणी काढावी, पण डाय कुणाच्या नावावर, कुठे ठेवायचा, पुढच्या मालाचा पैसा कुणाचा, हे आधी कागदावर. पुण्यात क्लब काढायला दोन माणसं पुरतात आणि फुटायला एक डाय.

कागदपत्रांचं थोडक्यात. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. पण ती गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरण्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी घरच्यांना घेऊन फिरणाऱ्यानं साधी नोंदणीच ठेवावी, दर पाच वर्षांनी तपासणी आणि हरित कर भरावा. ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाला मात्र तीस वर्षं पुरतात. म्हणजे १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेली पहिली मारुती ८०० तिथे कधीच पात्र झाली, आपल्या नियमात तिला २०३३ उजाडेल. क्लबनं तिला आत्ताच घ्यावं असं माझं मत आहे. तरुण सभासद त्याच गाडीतून येतात. विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते, म्हणून मूल्यांकनाचा कागद आणि सगळ्या बाजूंचे फोटो पॉलिसीसोबत जोडा. न जोडल्यास अपघातानंतर भंगाराच्या भावात तडजोड करावी लागते.

आता प्रश्न घेऊ. कोरी कार्डं दारापाशी ठेवली आहेत. बॅटरीचा अर्थ कुठला हे नक्की माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नका, रकाना रिकामा ठेवा, फेरीच्या आदल्या दिवशी मिस्त्री बघून भरतील.